किल्लीचे बाळ

मित्रांनो, मला हसता येत नाही. रांगता येत नाही, डोळेही मिटता येत नाहीत. मला फक्त रडता येते, आणि तेवढ्यासाठीच माणसांनी मला घडवले. आता मी जुनी झाले आहे. माझा रंग विटला आहे, उजव्या पायाचा अंगठा उंदराने कुरतडला आहे. पण एक काळ असा होता, की कोल्हारजवळच्या एका गावातल्या शाळेत नववीच्या मुली मला पाहून आधी हसत आणि दोन दिवसांनी रडकुंडीला येत. त्या काळाची ही हकीकत आहे. ती सगळी गोड नाही. तरी ऐका.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. मऊ प्लास्टिकचे सावळे अंग, सव्वातीन किलो वजन, आणि मान मुद्दाम सैल सोडलेली, कारण तान्ह्या बाळाची मान धरलेली नसते. माझ्या पोटात एक छोटा डबा बसवला. त्यात खऱ्या बाळाचे रडणे भरले होते. कधी रडायचे आणि किती वेळ रडायचे हे तो डबा ठरवत असे. मला तो कधीच विचारत नसे.

पाठीवर किल्लीसाठी एक खाच होती. ती किल्ली खाचेत घालून दाबून धरली की मी हळूहळू शांत होई. कधी पाच मिनिटांत, कधी पुरा अर्धा तास लागे. हात दुखला म्हणून मध्येच किल्ली सोडली, की माझे रडणे पहिल्यापासून सुरू. खाचेच्या खाली दोन बारीक दिवे होते. मला कोणी बराच वेळ रडत ठेवले तर पिवळा दिवा लागे. कोणी मला आपटले किंवा गदागदा हलवले तर लाल लागे. एकदा लागलेला दिवा शिक्षिकेखेरीज कोणाला विझवता येत नसे. म्हणजे जिच्या घरी मी जाई, तिची चहाडी माझ्या पाठीवर लिहिली जाई.

मला खोक्यात घालणारी बाई तिथली एक कामकरीण होती. दिवसभरात तिने माझ्यासारख्या शंभर बाहुल्या तरी भरल्या असतील. तरीही खोक्यात ठेवताना तिने माझ्या मानेखाली तळहात धरला. त्याची काही गरज नव्हती. पण मला ते बरे वाटले.

आमच्या शाळेत गृहशास्त्र शिकवणाऱ्या शुभांगी खरात बाईंची नणंद अमेरिकेत परिचारिका होती. शहाण्णव सालच्या दिवाळीला ती गावी आली, तेव्हा चॉकलेटे आणि स्वेटर यांच्यामध्ये गुंडाळून तिने मला आणले. खरात बाईंनीच मला मागवून घेतले होते. त्यांना एक गोष्ट फार डाचत होती. दर वर्षी नववीतून दहावीत जाताना वर्गातल्या चार-पाच मुली गळत. त्यांची लग्ने होत. पुढच्या वर्षी त्यातली एखादी बाजारात भेटे, कडेवर पोर घेतलेली, आणि बाईंना पाहून पदराने तोंड झाके.

"आई होणं म्हणजे भातुकली नव्हे," बाई पहिल्या दिवशी वर्गात म्हणाल्या. "प्रत्येकीने शनिवारी दुपारी हिला घरी न्यायचं आणि सोमवारी आणायचं. रडली की घ्यायचं. जिथे जाल तिथे बरोबर न्यायचं. मग मला सांगा, सोळाव्या वर्षी लग्न करायचं का."

किल्ली एका प्लास्टिकच्या पट्टीने मुलीच्या मनगटाला बांधत. ती पट्टी सोमवारी बाईच कात्रीने कापत. दुसऱ्या कोणी मदत करू नये, सगळा भार तिलाच कळावा, म्हणून हा नियम होता.

पहिली मुलगी मला नाचवत घरी घेऊन गेली आणि सोमवारी सुजलेल्या डोळ्यांनी परत आली. दुसरीच्या आजोबांनी मला गोठ्यात नेऊन ठेवले. तिसरीने मला दप्तरात कोंबले, त्यामुळे पिवळा दिवा लागला, आणि बाईंनी तो सगळ्या वर्गाला दाखवला. मुली मला 'किल्लीचं बाळ' म्हणू लागल्या. मुख्याध्यापकांनी माझे कौतुक केले. तालुक्याहून आलेल्या एका साहेबांनी मला मांडीवर घेऊन फोटो काढला. मला अभिमान वाटू लागला होता. मी खरे तेच सांगते असे मला वाटे.

बाईंनी वर्गाला एक ताकीद दिली होती. "पिवळा दिवा मी एक वेळ चालवून घेईन. लाल दिवा नाही. लाल दिवा याचा अर्थ, बाळ गेलं."

सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत दीपाची पाळी आली.

दीपा पंधरा वर्षांची होती. हळू बोलणारी, तिसऱ्या बाकावर बसणारी, गणिताला हुशार. तिचे वडील भीमराज साखर कारखान्यात कामगार होते. आई लंका रोजाने शेतात जाई. घरात आजी होती, आक्काबाई, भीमराजची आई. दीपासाठी नेवाशाकडचे एक स्थळ आले होते. मुलगा टेम्पो चालवायचा. मार्चमध्ये पाहुणे बघायला येणार होते. खरात बाईंना हे कळले होते. म्हणूनच त्यांनी दीपाची पाळी लवकर लावली होती.

शनिवारी दुपारी तिने मला टॉवेलात गुंडाळून घरी नेले. आक्काबाई उन्हात बसली होती. तिने मला उलटेसुलटे करून पाहिले.

"पोरगा हाय का पोरगी?"

"पोरगी हाय, आज्जी."

"येवढ्या लांबून इमानातनं आनली, आन् पोरगीच आनली व्हय!" असे म्हणत तिने मात्र लगेच आपले जुने लुगडे काढले, आढ्याला झोळी बांधली आणि मला तिच्यात निजवले. मला ती म्हातारी आवडली.

संध्याकाळी लंका शेतातून आली. डोक्यावर सरपण होते. मी नेमकी तेव्हाच रडू लागले. ती उंबऱ्यातच थांबली. सरपण खाली टाकायचेही तिला सुचले नाही.

"काय हाय त्ये?"

"आई, शाळेचं बाळ हाय. बघ की, खऱ्यावानी रडतंय."

"ठेव तिकडं पल्याड. माझ्या म्होरं आनू नगंस."

दीपाला वाटले, आई दमली असेल. पण त्या संध्याकाळी मी तीनदा रडले आणि तिन्ही वेळा लंका काहीतरी निमित्त काढून अंगणात गेली. भीमराज पहिल्या पाळीवरून येऊन पडला होता. "ह्याचं बटन बंद करा की कुनीतरी," असे म्हणून तो उठला आणि चौकात निघून गेला.

त्याआधी दुपारी दीपा दळण टाकायला गिरणीवर गेली होती. नियमाप्रमाणे मी तिच्या कडेवर होते. स्टँडजवळच्या टपरीवर चार-पाच पोरे बसली होती. मी रडू लागले तशी त्यांच्यातला एक मोठ्याने म्हणाला, "दीपे, आमाला पेढं न्हाई दिलं! बाप कोन म्हनायचा?"

सगळे हसले. दीपाने भर रस्त्यात माझ्या पाठीत किल्ली घातली. किल्ली धरून अकरा मिनिटे ती तिथे उभी होती. कारण मी थांबत नव्हते, आणि किल्ली धरून चालले तर माझी मान पडत होती. ती पोरे तोवर हसतच होती. गिरणीवाल्याने डबा ठेवून घेतला आणि दळण उद्या न्यायला सांगितले.

म्हणून रविवारी दळण आणायला जाताना तिने मला बरोबर घेतले नाही. मी नुकतीच शांत झाले होते. तिने मला झोळीत ठेवले.

"जा तू," आक्काबाई म्हणाली, "मी हाय हितं."

दीपा गेली. गिरणीवर पोचते तर वीज गेलेली. रांग लागली होती. ती थांबून राहिली. इकडे शेजारणीने हाक मारली म्हणून आक्काबाई तिच्याकडे गेली आणि बोलत बसली. घरात मी एकटी उरले.

त्या दिवशी लंका कांद्याच्या लागणीला गेली होती. रोप संपले म्हणून मालकाने बायकांना लवकर सोडले. ती घरी आली तेव्हा तिच्या पोटऱ्यांवर चिखल वाळला होता आणि एक हात कमरेवर होता. तिने माठातून तांब्याभर पाणी घेतले. ते तोंडाला लावले, आणि माझा डबा सुरू झाला.

"दीपे!" तिने हाक मारली. "आत्याबाई!" ती सासूला आत्याबाई म्हणे.

कोणीच ओ दिली नाही. ती अंगणात गेली. परत आली. पुन्हा गेली. माझे रडणे अंगणातही ऐकू जात होतेच. शेवटी ती आत आली आणि झोळीला झोके देऊ लागली. मी रडतच राहिले. तिने मला उचलले. मान बरोबर धरली, हे मला नीट आठवते. शाळेतली एकही मुलगी पहिल्यांदा उचलताना तशी मान धरत नसे. तिने मला खांद्यावर घेतले, पाठीवर थोपटले, गुणगुणली. साखरेच्या पाण्यात चिंधी बुडवून माझ्या तोंडाला लावली. माझे तोंड बंदच होते. पाणी हनुवटीवरून ओघळले.

"गप गं माझे बाई. गप. काय हुतंय तुला? कुटं दुखतंय?"

मित्रांनो, मला थांबायचे होते. एखाद्या गोष्टीची इतकी इच्छा मला आधी कधी झाली नव्हती आणि नंतरही नाही. पण त्या वेळी डब्याने अर्ध्या तासाचे रडणे लावले होते, आणि किल्ली होती गिरणीच्या रांगेत, दीपाच्या मनगटावर. त्या बाईच्या हाती मला शांत करण्याचा एकही उपाय नव्हता. हे मला ठाऊक होते, तिला नव्हते. तिला वाटत होते, आपले काहीतरी चुकते आहे.

पंधरा मिनिटे गेली. वीस गेली. तिचे गुणगुणणे थांबले. तिचा श्वास जोरात चालू लागला. मग तिची बोटे माझ्या दंडांत रुतली.

"गप! गप म्हनलं ना! गप!"

तिने मला गदागदा हलवले. माझी मान पुढे गेली, मागे गेली, पुढे गेली. पाठीवर लाल दिवा लागला.

आणि तिने स्वतःचे हात पाहिले.

मला जमिनीवर ठेवून ती मागे सरकत भिंतीला जाऊन टेकली. दोन्ही हात तिने काखेत दाबून धरले होते. "पुन्यांदा," ती म्हणाली. "पुन्यांदा झालं माझ्या हातनं."

दारात दीपा उभी होती. डोक्यावर पिठाचा डबा होता. तिने तो खाली ठेवला, धावत येऊन किल्ली लावली आणि मला मांडीवर धरून आईकडे बघत राहिली. घरात हळूहळू शांतता झाली.

"पुन्यांदा म्हंजी काय, आई?"

लंकाने काखेतले हात काढून मांडीवर ठेवले. मग तिने सांगितले. दीपा चार वर्षांची असताना तिला एक भाऊ झाला होता, पंकज. तो तीन महिन्यांचा असताना तापाने गेला, एवढे दीपाला माहीत होते. घरात सगळ्यांना तेवढेच माहीत होते.

"ताप दुसऱ्या दिवशी आला," लंका म्हणाली. "आदल्या दिवशी त्यो लई रडत हुता. तीन दिस रडतच हुता. तुझी आज्जी तुझ्या आत्याकडं गेल्ती. तुझा बा कारखान्यावर. तू हुतीस, पर तू येवढीशी. माझं डोकं फिरलं, दीपे. मी त्याला असंच हलवलं. त्यो गप झाला. मला वाटलं, निजला. बरं वाटलं मला." तिने पदराने तोंड पुसले. "डागदर म्हनले, ताप मेंदूत गेला. मी कुनालाच काय बोलले न्हाई. अकरा वर्सं झाली."

दीपाने मला झोळीत ठेवले आणि आईजवळ जाऊन बसली. आईच्या पोटरीवरचा वाळलेला चिखल ती नखाने काढत राहिली.

"मी कुनाला सांगनार न्हाई," ती म्हणाली.

दीपाने तो शब्द पाळला, आणि त्यातूनच पुढचे सगळे घडले.

सोमवारी खरात बाईंनी मला पालथे केले. मुली माना उंच करून बघू लागल्या.

"कोणी हलवलं?"

"मी," दीपा म्हणाली.

"का?"

दीपाने किल्लीची पट्टी कापायला मनगट पुढे केले. बाईंचा चेहरा उतरला. रागापेक्षा त्यांना धक्काच जास्त बसला होता. त्यांनी मला उंच धरून वर्गाला लाल दिवा दाखवला.

"हिच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती. नीट बघा सगळ्यांनी. खरं बाळ असतं, तर आज आपण त्याला पुरायला नेलं असतं."

दीपा उभीच होती. तिने खाली पाहिले नाही. ती माझ्याकडे बघत होती. मला एक तरी शब्द यायला हवा होता. 'ती नव्हती' एवढेच मी म्हणाले असते. पण मला शब्द येत नव्हते, आणि डबा त्या वेळी रडलासुद्धा नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले, की माझा दिवा काय घडले ते सांगतो, पण कोणाच्या हातून आणि का घडले ते सांगत नाही. अर्धे खरे सांगणारी साक्षीदार होते मी.

मधल्या सुट्टीत मुली दीपापासून लांब बसू लागल्या. कोणीतरी तिच्या वहीवर 'बाळ मारणारी' असे लिहिले. गुरुवारपासून ती शाळेत आली नाही. बाईंना वाटले, पोरगी ओशाळली असेल, येईल दोन दिवसांत. एक आठवडा गेला. दुसराही गेला.

मग एका दुपारी गृहशास्त्राच्या खोलीच्या दारात भीमराज आला. मागे दीपा होती. दुसऱ्या मुलीला द्यायचे म्हणून बाई तेव्हा मला ओल्या फडक्याने पुसत होत्या.

"जय भीम, मॅडम."

"जय भीम. या ना, बसा."

"बसत न्हाई. दाखला पायजे पोरीचा." त्याने खिशातून घडी केलेला अर्ज काढून टेबलावर ठेवला. "हापिसात म्हनले, तुमची सही लागंल, वर्ग तुमचा हाय म्हनून. पोरगी शाळंचं नाव काढू देत न्हाई. घरात बसवून काय करू? नेवाशाचं पावनं घाई करत्यात. चैत्रात उरकून टाकतो."

"अहो, नववी तरी होऊ द्या. तीन महिने राहिलेत!"

"मी कुटं नको म्हनतो? तीच न्हाई म्हनतीया. इचारा."

"दीपा, माझा राग आला का तुला? मी रागावले ते तुझ्या भल्यासाठीच ना?" बाईंनी विचारले.

दीपाने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान फिरवली. बाईंनी सुस्कारा टाकला. त्यांनी पेनचे टोपण काढले.

तेवढ्यात बाहेर व्हरांड्यात पावले वाजली. दारात लंका आली. शेतातून तशीच चालत आली होती. कासोटा ओला होता, हातांना मातीचा आणि कांद्याच्या रोपाचा वास होता. दीपाला शाळेत का नेले हे तिला आक्काबाईच्या निरोपावरून कळले होते. ती आत आली नाही. चौकटीला हात धरून उभी राहिली.

"बाई, सही करू नगा," ती म्हणाली. "त्यो लाल दिवा माझा हाय."

"कंचा दिवा? काय बोलतीस तू, लंके?" भीमराज म्हणाला.

"माझ्या हातनं झालं. पोरीनं माझ्यापाई आपल्या अंगावर घेतलं. आन् तुमी अवो, तुमी बी ऐका. अकरा वर्सांमागं पन झालं हुतं."

मग तिने पंकजचे सगळे सांगितले. न रडता, न थांबता, एका सुरात. बाहेर मैदानावर खेळाच्या तासाची शिट्टी वाजत होती. तिचे बोलणे संपले तरी ती वाजतच होती.

मला भीमराजची भीती वाटली. तो पुढे झाला. पण त्याने एक स्टूल ओढले आणि त्याच्यावर बसला.

"सीजन हुता," तो म्हणाला. तो कोणाकडेच बघत नव्हता. "पाळी सुटायची मला पहाटं चार वाजता. मी घरी येत नव्हतो. बारदानाच्या ढिगावर निजायचो. पोरगं रडतंय, झोप हुत न्हाई, म्हनून. आईला बी मीच म्हनलो हुतो, जा ताईकडं चार दिस, हितं नुसता कालवा हाय." त्याने तोंडावरून हात फिरवला. "समद्यास्नी सुटका पायजे हुती. तुला सोडून आमी समदे सुटलो."

दीपा आईजवळ जाऊन उभी राहिली. लंका बाईंकडे वळली. आत येऊन ती टेबलापाशी थांबली, माझ्या अगदी जवळ.

"बाई, तुमी शिकल्याल्या. मला खरं सांगा. त्यो तापानं गेला, का माझ्या हातानं?"

खरात बाईंनी पेनला टोपण लावले. मला वाटले, आता त्या तिला धीर देणारे काहीतरी म्हणतील. त्या तसे म्हणाल्या नाहीत.

"मला माहीत नाही, लंकाताई," त्या हळूच म्हणाल्या. "ताप असेल म्हणूनही तो तीन दिवस रडत असेल. आता कोणालाच सांगता यायचं नाही. पण तुमच्या हातातून बाळ घ्यायला त्या दिवशी घरात कोणी नव्हतं, एवढं मला कळलं. आणि मी काय केलं? मी या पोरींच्या मनगटाला किल्ली बांधली आणि सांगितलं, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. हेच शिकवलं मी."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आले होते. त्यांनी खणातून प्लास्टिकच्या पट्ट्यांची पिशवी काढली आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकली. मग दीपाला हाताला धरून त्या वर्गात घेऊन गेल्या. मी खोलीतच होते, पण भिंतीपलीकडचे मला ऐकू आले. "तो लाल दिवा दीपाचा नव्हता," बाई वर्गाला म्हणाल्या. "मी नीट न विचारता तिला तुमच्यासमोर बोलले. चूक माझी आहे." कोणाचा दिवा होता हे त्यांनी सांगितले नाही, आणि मुलींनी पुष्कळ खोदून विचारले तरी पुढेही कधी सांगितले नाही.

भीमराजने टेबलावरचा अर्ज उचलला. फाडला नाही. घडी घालून खिशात ठेवला. "नववी हू द्या," तो म्हणाला. "मग बगू."

मित्रांनो, त्यानंतर सगळे छान झाले असे मी सांगितले, तर ते माझ्या दिव्यासारखेच अर्धे खरे होईल. दीपा पुन्हा शाळेत आली, पण काही मुली तिच्याशी कधीच पहिल्यासारख्या बोलल्या नाहीत. नेवाशाच्या पाहुण्यांनी दुसरीकडे सोयरीक केली. दीपाने दहावी केली, बारावी केली, आणि मग तिचे लग्न झाले. एकोणीस पूर्ण झाले होते तिला. आक्काबाईला सगळे कळल्यावर ती दोन दिवस जेवली नाही आणि मग सुनेच्या पाठीला तेल लावून देऊ लागली, असे दीपाने बाईंना सांगितले. लंकाचे दुःख संपले का? नाही. ते संपण्यासारखे नव्हते. फक्त ते आता तिच्या एकटीच्या पदरात नव्हते.

बाईंनी माझा नियम बदलला. किल्ली घरात खुंटीला टांगायची, आणि बाप असो, आजी असो, भाऊ असो, प्रत्येकाने निदान एकदा तरी ती लावायची. पुष्कळ बापांनी कुरकुर केली. एका पैलवान बापाने माझे रडणे थांबवताना स्वतःच रडवेला चेहरा केला, हे मी डोळ्यांनी पाहिले. वर्गातल्या मुलांनाही बाईंनी मला घरी न्यायला लावले.

पुढच्या वर्षी शाळेत आयांची सभा भरली. बाईंनी लंकाला बोलावले होते. ती मागे बसेल असे मला वाटले. पण ती पुढे आली. तिने मला उचलले आणि मान कशी धरायची ते सगळ्या बायकांना दाखवले. मग ती म्हणाली, "आयाबायांनो, बाळ लई रडतं. राग येतो. आईला बी येतो, येत न्हाई म्हननारी खोटं बोलती. हातात राग उतरायला लागला, की बाळ खाली ठेवायचं. रडू द्यायचं. भाईर यायचं आन् कुनाला तरी हाक मारायची. लाजायचं न्हाई." ती एवढेच बोलली आणि खाली बसली. बायका इतक्या गप्प होत्या, की एकीच्या मांडीवरचे पोर चोखत होते त्याचा आवाज येत होता. मग पलीकडच्या रांगेतली एक तरुण बाई तोंडात पदर कोंबून रडू लागली, आणि शेजारणीने तिच्या मांडीवरचे बाळ आपल्याकडे घेतले.

दोन हजार दोन साली माझ्या पोटातल्या डब्यात सेलचे पाणी गळले. माझा आवाज घोगरा झाला, मग तुटक झाला, आणि एके दिवशी थांबला. बाईंची बदली झाली. मला चाळणी, विणकामाच्या सुया आणि फुटक्या बरण्यांच्या शेजारी ठेवून कोणीतरी कपाट लावून घेतले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे रडणे थांबले म्हणून कोणाचे काही अडत नाही.

पण खरी बाळे रोज रडतात. तुमच्या गल्लीत रडतात, भिंतीपलीकडे रडतात, आणि प्रत्येक रडणाऱ्या बाळाला धरून कोणीतरी दमलेले माणूस बसलेले असते. मित्रांनो, अशा वेळी "काय कटकट आहे" म्हणून खिडकी लावून घेऊ नका. तुम्ही लहान असाल, तुम्हाला बाळ घेता येत नसेल, तरी त्या दारापर्यंत जा. कडी वाजवा. आणि विचारा, "काकू, माझ्या आईला बोलावून आणू का?"

दार उघडायला वेळ लागला, तरी लगेच परत फिरू नका.